राजेश्वरीचा नवस

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी स्वामीजी घरी येणार, ही बातमी मल्लप्पानं चप्पल काढता काढताच सांगितली. नवी पेठेतल्या कापड दुकानातून तो नेहमी दमून यायचा, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उजळला होता. त्याची म्हातारी आई गुरम्मा बसल्या जागी हात जोडून दोनदा वाकली. त्याची बायको राजेश्वरी ओट्यापाशी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "जेवायला थांबंल का?"

"थांबतील का म्हणावं," मल्लप्पा म्हणाला. "लोकांसमोर तरी जिभेला वळण लाव."

स्वामीजी म्हणजे शिवू. तिचाच पोरगा. मंद्रूपच्या पलीकडं, सीमेजवळच्या एका लहान मठाच्या गादीवर मागच्याच महिन्यात त्याला बसवलं होतं. वय एकोणीस. पट्टाभिषेकाला राजेश्वरी बायकांच्या रांगेत होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं इतरांसारखंच पायावर डोकं ठेवलं, आणि वरून आवाज आला, "बरं हाय का, तायी?" तायी म्हणजे कानडीत आई. मठात येणाऱ्या प्रत्येक बाईला तो तसंच म्हणायचा. तिच्या मागच्या बाईलाही म्हणाला. घरात असताना तो तिला अव्वा म्हणायचा.

तो गेला ती गोष्ट तिला रोज आठवायची असं नाही, पण जून आला की आठवायचीच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. मे आणि जूनमध्ये तिथं मान वर करायला सवड नसते. गावोगावच्या पोरांच्या निळ्या चड्ड्या आणि पांढरे शर्ट हातून जायचे, आणि घरी आपल्या पोराचं दप्तर कुणी भरलं हे विचारायलाही उशीर झालेला असायचा. गुरम्मा कुरकुरायची. आई दिवसभर कारखान्यात, पोरानं बघायचं कुणाकडं? मल्लप्पाच्या पगारात घर भागत नाही, हे कुरकुरताना तिच्या ध्यानात नसायचं.

शिवू दहा वर्षांचा असताना अशाच एका जूनमधल्या संध्याकाळी ती घरी आली तर तो नव्हता. दिवस चांगला होता म्हणून मल्लप्पानं त्याला मठात नेऊन सोडलं होतं. जंगमाचं, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंचं घर, मठाच्या मोठ्या स्वामींनी स्वतः मागणी घातलेली, आणि मुख्य म्हणजे पोरानंच हट्ट धरला, असं मायलेकांनी तिला सांगितलं. संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेपासूनच त्याचं मन तिकडं लागलं होतं म्हणे. तुला सांगायचं राहून गेलं. तू घरात असतीस कधी?

ती भांडली, रडली. चार दिवस कामावर गेली नाही आणि पाचव्या दिवशी गेली. मठात फोन लावला की कुणीतरी सांगायचं, पोरगं रमलंय, फोनवर यायला तयार नाही. गणपतीत ती भेटायला गेली, तर तो खांबाआड उभा राहून तिच्याकडं बघत राहिला. जवळ आला नाही. तेव्हा तिची खात्री पटली. पोराला आपण नको आहोत. त्याला देव हवा होता, आणि आईला शिलाई मशीन. एकदा असं मनाशी ठरल्यावर तिनं तेच धरून ठेवलं. सकाळी आंघोळ करून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं की एकच मागणं मागायची, त्याला त्याच्या मनासारखं लाभू दे. माझं काही नको.

सोमवारी गल्लीत मंडप पडला. बाळीवेशीतले ओळखीचे, दुकानातले, कारखान्यातल्या दोन-चार बायका, सगळे आले. राजेश्वरीनं पहाटे उठून खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, केली होती. ती पाहुण्यांसाठी. एका डब्यात मात्र धपाटे करून ठेवले होते, जाड आणि थोडे करपलेले, शिवूला आवडायचे तसे. मठातून स्वामीजींबरोबर आलेल्या गुरप्पाला तिनं हळूच विचारलं, स्वामीजींना हे देऊ का. तो चांगला माणूस होता, पण त्याचं बोलणं ठरलेलं होतं. "श्रावण हाय की अक्का. स्वामीजी फळं आणि दूध घेतील. हे आमी खातो."

पाद्यपूजेला ती आणि मल्लप्पा जोडीनं बसले. तांब्यातलं पाणी तिनं शिवूच्या पायावर सोडलं. उजव्या घोट्याजवळ कुत्रं चावल्याची खूण होती. लहानपणी दवाखान्यात त्याची इंजेक्शनं घेताना तो तिच्या दंडाला चावला होता. पायाचं ते पाणी तीर्थ म्हणून आधी गुरम्मानं घेतलं, मग सगळ्यांनी. श्रावणी, राजेश्वरीची धाकटी पोरगी, नववीतली, पाया पडून उठताना "दादा" म्हणाली आणि गुरम्मानं तिला सगळ्यांसमोर चिमटा काढला. स्वामीजी नुसते हसले.

पंगत बसली तेव्हा स्वामीजींना आतल्या खोलीत जरा टेकायला बसवलं. दूध घेऊन राजेश्वरी गेली. गुरप्पा दाराशीच उभा होता. आतून स्वामीजींनी त्याला कानडीत सांगितलं, जरा बाहेर थांबा. दार लोटलं गेलं.

पलंगावर बसलेला पोरगा मल्लप्पासारखा दिसत होता, फक्त डोळे तिचे. दूध त्यानं हातात घेतलं, प्यायला नाही.

"पाय अजून सुजतात का?" त्यानं विचारलं.

"सुजतात की. बसून काम. तुमी..." तिची जीभ अडखळली. "तुमी वाळलाय लई."

"तायी, एक इचारायचं होतं. लई दिवसांपासून." तो पेल्याकडं बघत बोलत होता. "नवस कधी केला होता तुमी? मी पोटात असताना, का नंतर?"

तिला प्रश्नच कळला नव्हता. ती लाजते आहे असं त्याला वाटलं असावं. तो पुढं बोलत राहिला.

"मला सोडायला आणलं त्या दिवशी मी गाडीत लई रडत होतो. मंद्रूपच्या स्टँडवर उतरून पळालो पण होतो. तर वडलांनी जवळ घेऊन सांगितलं. तुझ्या आईनं तुला देवाला बोललंय, तू परत आलास तर तिचा शब्द खोटा पडेल, तिच्या जिवाला काहीबाही होईल. अज्जी पण तेच म्हणायची." पेला त्यानं दुसऱ्या हातात घेतला. "पहिली दोन वर्षं तुमचा राग होता. वाटायचं, असली कसली आई. म्हणून फोनवर येत न्हवतो. तुमी आलात तेव्हा पण आलो न्हाय."

"मग?" तिनं विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

"मग राग गेला. वाटलं, त्या बाईनं एवढं काळजावर दगड ठेवून दिलंय, आपण का मोडायचं? अजूनही मन उठतं कधीकधी. कॉलेजात जाणारी पोरं दिसली की उठतं. तेव्हा तेच धरतो. देवाचं न्हाय, तुमचं. तुमचा शब्द हाय म्हणून मी हाय हितं."

बाहेर पंगतीत कुणीतरी भात वाढा म्हणून हाक मारत होतं. राजेश्वरीच्या तोंडाशी शब्द आले होते. बाळा, मी काही बोलले नव्हते. मला तर सांगितलं, तूच हट्ट धरलास. एवढं बोलायला किती वेळ लागला असता? पण बोलल्यावर त्याच्यापाशी काय उरलं असतं? गादीवर बसवून झालं होतं. गावोगावची माणसं त्या पायाचं पाणी पिऊन गेली होती. शाळा सुटली होती, घर सुटलं होतं. पाय टेकायला त्यानं एवढीच एक जागा शोधली होती, आणि ती जागा खोटी होती. ती काढून घेतली तर तो उभा कशावर राहणार?

"तुमाला ताप आला होता," ती म्हणाली. "तीन वर्षांचे होतात. डॉक्टरनी सांगितलं, सांगता येत न्हाय. तेव्हा बोलले."

त्यानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरताना तिनं बघितला.

"बरं झालं इचारलं," तो म्हणाला. मग पेला खाली ठेवून त्यानं हात वर केला आणि तिला आशीर्वाद दिला. तिनं वाकून घेतला.

गाडी गेल्यावर ती मोरीपाशी भांडी घासायला बसली. मल्लप्पा खुशीत होता, उरलेली हुग्गी कुणाकुणाकडं द्यायची ते बोलत होता. तिनं घासणी खाली टाकली.

"माझा नवस होता म्हणून सांगितलंत त्याला?"

मल्लप्पानं आईकडं बघितलं. "लहान पोरगं रडत होतं. समजवायला काहीतरी सांगावं लागतं."

"मग स्वतःचं नाव सांगायचं."

"माझं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पळून आला असता," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. "आईचं म्हटलं की पोरं ऐकतात."

"आणि मला सांगितलंत, त्यानंच हट्ट धरला. मला इचारलं असतं तर?"

"तू न्हाय म्हणाली असतीस की," गुरम्मा म्हणाली. तिनं भिंतीला पाठ टेकली होती. "आणि वाईट काय झालं? दहा गावं पाया पडतात. कारखान्यात शिलाई मारणाऱ्या बाईला लोक स्वामीजींची आई म्हणतात. कुणामुळं?"

राजेश्वरीनं पुन्हा घासणी उचलली. बोलून उपयोग नव्हता. बाहेर कुणाला सांगितलं असतं तर आठवड्यात मठात पोचलं असतं. त्या दोघांचं खोटं आता तिलाच सांभाळायचं होतं, आणि हे त्या दोघांनाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखं लिंग तळहातावर घेतलं. पाणी घातलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं. मागायची वेळ आली तेव्हा मात्र काही सुचेना. इतकी वर्षं जे मागत आली होती ते मुळातच चुकीचं होतं. त्याच्या मनासारखं म्हणजे काय, ते तिनं कधी त्यालाच विचारलं नव्हतं. देवानंही तिला अडवलं नव्हतं. तिनं लिंग परत गळ्यात घातलं आणि डबा भरायला उठली. त्यानंतर पूजा चालू राहिली. मागणं बंद झालं.

दसऱ्याच्या आधी चुलत जाऊ महानंदा आली. तिच्या नऊ वर्षांच्या मल्लेशसाठी दुसऱ्या एका मठातून विचारणा झाली होती. नवरा तयार होता, हिचं मन होत नव्हतं. नवसाची गोष्ट एव्हाना गुरम्मानं नात्यात पोचवली होती. "म्हणून तुमच्याकडं आले, वैनी. तुमी स्वतः बोललेलं पोरगं दिलंत. तुमीच सांगा."

गुरम्मा पलीकडच्या खोलीत होती, जागीच होती. राजेश्वरी महानंदाच्या अगदी जवळ सरकली. "देऊ नको. कुणी काय पण म्हणू दे. पोराला जवळ ठेव."

महानंदा बघत राहिली. "मग तुमी कसा दिलात?"

राजेश्वरीनं पलीकडच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. "माझा नवस होता," ती म्हणाली.

महानंदाचं तोंड बदललं. पदर सावरून ती उठली. चहा केलेला तसाच राहिला. पुढं नात्यातल्या चार ठिकाणांहून ते राजेश्वरीच्या कानावर आलं. स्वतःच्या पोराची पूजा झाली, आता दुसरीच्या पोराचं नाव निघालं तर हिच्या पोटात दुखतं. श्रावणीनं शाळेतून येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "खरं हाय का गं?" राजेश्वरी म्हणाली, "तू अभ्यास कर. तुला कुटं पाठवायचं असलं तर मी आधी तुला इचारीन."

दिवाळी झाल्यावर मल्लेशला मठात सोडलं. मल्लप्पा आणि गुरम्मा गेले होते. येताना प्रसाद आणला, तो राजेश्वरीनं देव्हाऱ्यात ठेवला आणि खाल्ला नाही.

महानंदा तिच्याशी बोलत नव्हती. लग्नाकार्यात समोर आली तरी मान फिरवायची. मग गड्ड्याची यात्रा सरली, ऊन वाढलं, कारखान्यात परत गणवेशांचे गठ्ठे येऊन पडायला लागले. एका सकाळी राजेश्वरी रिक्षातून उतरली तर कारखान्याच्या फाटकापाशी महानंदा उभी होती. अंगानं निम्मी झाली होती. कामाला जाणाऱ्या बाया दोघींच्या बाजूनं आत शिरत होत्या.

"पोरगं फोनवर येत न्हाय," महानंदा म्हणाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "वैनी, तुमाला परत झोप कधीपासून लागायला लागली?"

राजेश्वरीनं तिचा हात धरला आणि तिला फाटकाच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत नेलं. पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली.

"अजून लागत न्हाय," ती म्हणाली.