मधला पाय

माझ्या पलंगाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. लग्नाआधी मी तो स्वतःच्या हाताने बनवलाय. तीस वर्षं सुतारकाम करतोय, लाकूड मला कळतं. म्हणून बायकोची कंबर धरायला लागली तेव्हा मी सगळा दोष गादीवर ढकलून मोकळा झालो.

बायको शिवणकाम करते. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं आणि रात्रभर कण्हत कूस बदलायची. चार महिन्यांपूर्वी ती उशी उचलून लेकीच्या रिकाम्या खोलीत गेली आणि जमिनीवर रजई अंथरून झोपू लागली. "तात्पुरतं हो," म्हणाली. पण पुढच्या आठवड्यात तिचं चष्म्याचं घर तिकडे गेलं, मग गजराचं घड्याळ. अख्खा पलंग माझ्या एकट्याचा, आणि माझा डोळ्याला डोळा लागेना.

शेवटी तिला घेऊन गादीच्या दुकानात गेलो. गादीवर घालायचे टॉपर तिथे ओळीने मांडलेले. नवराबायको दोघांना आडवं व्हायला लावायचं आणि मग बाजू बदलायला सांगायचं, ही त्या गादीवाल्याची पद्धत. मऊ फोमच्या टॉपरवर बायको अशी रुतली की मला हात देऊन उठवावं लागलं. दोन इंची, जरा घट्ट टॉपरवर मात्र ती शांत पडून राहिली.

"आता बाजू बदला," गादीवाला म्हणाला.

ती माझ्या बाजूला सरकली. "अहो, इथे दोन्हीकडे सारखंच आहे!"

गादीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "घरी सारखं नाही का? पलंगाला मधला पाय आहे ना?"

"पलंग मी बनवलाय."

"ते झालं हो. पाय आहे का?"

"आहे की!"

"एकदा बघून या. टॉपर खड्डा बुजवत नाही, खड्ड्यात जाऊन बसतो." आणि पठ्ठ्याने टॉपर द्यायला चक्क नकार दिला. रस्ताभर मी त्याचा उद्धार करत होतो.

घरी ती मशीनवर बसली आणि मी पलंगावर तिच्या बाजूला आडवा झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कंबर खाली, पाय वर. कूस बदलायला गेलो तर घसरून पुन्हा त्याच खड्ड्यात.

वाकून पलंगाखाली पाहिलं. तिथे माझी हत्यारांची पेटी होती, आणि मग सगळं आठवलं. ती पेटी आत जाईना म्हणून अकरा वर्षांपूर्वी मीच मधला पाय काढला होता. दोन दिवसांत परत बसवतो म्हणालो होतो. गिऱ्हाइकाचं काम असतं तर त्याच संध्याकाळी बसवला असता. तिच्या बाजूच्या, गादीखालच्या दोन पट्ट्या तडकल्या होत्या. मला इतकी लाज वाटली की तिथेच फरशीवर बसून राहिलो.

"सापडलं?" बायको दारात उभी होती.

"तू बोलली का नाहीस?"

"दहादा बोलले. तुम्ही म्हणायचात, पलंग माझा आहे, तुझीच कंबर वाकडी."

"चुकलो," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून तिने कधी ऐकला नसावा. ती खाली बसली, गळ्यातली टेप काढली आणि नव्या पायासाठी फरशीपासून पलंगापर्यंतची उंची मोजायला लागली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना सुट्टी. सकाळी नवा पाय बसवला, पट्ट्या बदलल्या. दुपारी टॉपर आणला. गादीवाल्याला "तुमचं बरोबर होतं" म्हणणं टॉपर खांद्यावरून आणण्यापेक्षा जड गेलं.

"पाच मिनिटं पडून बघते," बायको म्हणाली. मी निकालाची वाट बघत उभा.

"कसं वाटतंय?"

पुन्हा विचारलं. ती झोपली होती, टेप तशीच गळ्यात. कण्हणं नाही, कूस बदलणं नाही.

मी चवड्यांवर चालत लेकीच्या खोलीत गेलो. चष्म्याचं घर आणि घड्याळ उचलून तिच्या उशाशी नेऊन ठेवलं. मग रजईची घडी घातली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली, तिचा हात पोचत नाही तिथे.