पेंटरच्या मनगटाखालची काठी

“वाकलीय ही. मेली, वाकलीच आहे!”

मित्रांनो, ही मेली म्हणजे मी. काल दुपारी शाळेच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर माझा मालक हे पुटपुटला. मी त्याच्या हातातच होते, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणायचीही सोय नाही. उभ्या आयुष्यात मला कुणी वाकडी म्हटलं नव्हतं. तेव्हा आता माझी बाजूही ऐका.

मी एक जुनी काठी आहे. म्हातारे टेकतात ती नव्हे, आणि गुरुजी उगारतात ती तर नव्हेच. मी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरची हात टेकायची काठी. लांबीला दोन हात, जाडीला अंगठ्याएवढी, आणि एका टोकाला कापसावर मऊ कातडं आवळून बांधलेला लिंबाएवढा गोळा. पेंटर डाव्या हातात मला धरतो, माझा गोळा पाटीवर टेकवतो आणि उजवं मनगट माझ्या पाठीवर ठेवून ब्रश चालवतो. ओल्या रंगाला हात लागत नाही आणि रेघ हलत नाही. पाटीवर नाव दुकानदाराचं, कौतुक पेंटरचं. पण मधली सगळी भिस्त माझ्यावर. स्वतःच्या तोंडानं सांगतेय खरी, पण खरं सांगायला लाजायचं कशाला?

एका पाडलेल्या दाराच्या चौकटीतून सुतारदादांनी मला काढलं. चाळीस वर्षं ऊन-पाऊस खाल्लेलं लाकूड, त्यामुळे रुसणं-फुगणं मला ठाऊकच नव्हतं. दादांनी रंधा मारला, एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि नुकतंच काम शिकलेल्या पेंटरच्या हातात मला दिलं. “घे. डबा विसरलास तरी चालेल, हिला विसरू नकोस,” एवढंच म्हणाले.

त्यानंतरची वर्षं काय सांगू! दवाखाना, टपाल कार्यालय, अग्निशमन दलाचं लाल दार, चपलांचं दुकान, एका वकिलांची तर इतक्या पदव्यांची पाटी की नाव शोधावं लागे. अक्षरांवरची आडवी रेघ माझा पेंटर एका दमात ओढायचा. श्वास रोखून सुरू करायचा आणि पार पलीकडच्या टोकाला जाऊनच सोडायचा. टपालवाला सायकल थांबवून बघायचा. “पट्टी लावली का हो?” असं लोक विचारायचे. पट्टी कसली, मी होते!

बायको लग्न होऊन आली, मग मुलगी झाली. ती पाळण्यात असताना ब्रशातला निळा थेंब तिच्या नाकावर पडला, आणि तिचं नाव ठिपकी पडलं ते पडलंच.

दारू घरात कधी आली ते मला नेमकं आठवत नाही. अशी ती तोरण लावलेल्या दारातून येत नाही. आधी मोठं काम संपलं की मंडळींबरोबर थोडी. मग कुठलंही काम संपलं की. मग काम सुरू करण्याआधीच. आमच्या रंगाच्या पेटीत ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनच्या दोन बाटल्या असायच्या. एकीत टर्पेंटाइन होतं. रंगाच्या वासात दुसरीचा वास कुणाला येणार?

सकाळी त्याचा हात थरथरू लागला. दुसऱ्या बाटलीतला एक घोट गेला की थांबायचा. मित्रांनो, ही त्या बाटलीची सगळ्यात मोठी लबाडी. थरथर तिच्यामुळेच, आणि ती थांबवल्याचा मोठेपणाही तिलाच! पुढे एका घोटानं भागेना, दोन लागले, मग चार.

आणि मी? मी दात-ओठ आवळून उभी राहायचे. तसे मला दोन्ही नाहीत, पण तुम्हाला कळलं. मनगट माझ्या पाठीवर लटलटायचं, मी ते तोलून धरायचे आणि रेघ सरळ जायची. कुणाच्या काही लक्षात यायचं नाही. त्याचा मला केवढा अभिमान!

घरातही तेच चाललं होतं. गिऱ्हाईक दारात आलं की बायको शिवणयंत्रावरून उठून सांगायची, “आज येणार नाहीत. पित्त झालंय.” पाच वर्षं रोज पित्त! पित्ताला वाचा असती तर त्यानं अब्रूनुकसानीचा दावा लावला असता. पेंटरचं ताट अर्धं परत जाऊ लागलं. पाय सुजून चपलेचा पट्टा बसेना. काल कुणाला काय कबूल केलं ते आज आठवेना. डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळट झाक आली. औषधाच्या दुकानदारानं एकदा हळूच सुचवलं, “रक्त तपासून घ्या, यकृताचं काही असलं तर वेळेत कळतं.” त्या दुकानात जाणं बंद झालं.

एका सुट्टीच्या दिवशी ठिपकी हौसेनं ब्रश धुवायला बसली. चुकून दुसरी बाटली तिच्या हातात आली. तिनं ब्रश बुडवला, घोळवला, पण रंग काही सुटेना. तिनं बाटली नाकाशी नेली. मी पेटीला टेकून बघत होते. तिनं झाकण घट्ट लावलं, बाटली होती तिथे ठेवली आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मैत्रिणींना सांगितलं, “आज घरात नका येऊ. बाबा झोपलेत.” दहा वर्षांची पोर त्या दिवशी आईसारखं बोलायला शिकली. मला फार वाईट वाटलं, पण काठी काय बोलणार?

आता कालची गोष्ट. ठिपकीच्याच शाळेचं नाव भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं होतं. खिडक्यांतून पोरं बघत होती. बाटलीतले सगळे घोट घेऊनही मनगट थांबेना. इतकी वर्षं मी जे तोलून धरलं, ते काल माझ्याही अंगात उतरलं. माझा गोळा ओल्या रंगावरून फरफटला आणि आडवी रेघ उतारावरच्या गाडीसारखी खाली निघाली.

मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “वारा फार आहे नाही का आज!”

वाऱ्यानं एक पानही हलत नव्हतं.

शिपाईमामा म्हणाले, “भिंत ओली असेल, बाई.”

डबा घेऊन आलेल्या बायकोनं आपलं नेहमीचं पित्त काढलं. आणि पेंटरनं माझं नाव घेतलं. खिडकीतली ठिपकी खाली बसली ती वर आलीच नाही.

संध्याकाळी नवी काठी करून घ्यायला तिघं मला घेऊन सुतारदादांकडे निघाली. मित्रांनो, त्या वाटेवर माझा ताठा उतरला. हात धरणं चांगलंच. पण मी हात धरला नव्हता, मी थरथर झाकली होती. थरथर दिसली असती तर कुणीतरी वेळेवर विचारलं असतं. मी जितकी सरळ रेघ काढून दिली, तितका त्याचा आजार आत आत वाढला. तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल, तर त्याच्यावर माया करा, पण त्याच्यासाठी खोटं बोलू नका. ज्याच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सांगा. तो आजार तुमच्यामुळे झालेला नसतो आणि गप्प राहून तो बराही होत नाही. नवी काठी मिळाली असती तर आणखी वर्षभर सगळं झाकलं गेलं असतं, आणि त्या पिवळ्या डोळ्यांकडे बघून मला वाटत होतं, एवढं वर्ष त्याच्याजवळ नाही.

दादा आता थकलेत. त्यांनी मला उचललं आणि माझा गोळा कडेबाहेर ठेवून टेबलावरच्या जाड काचेवर लोळवलं. वाकडी काठी काचेवर ठेचकाळत जाते. मी अशी गेले, अशी गेले, की पलीकडे बसलेल्या ठिपकीनं झेललं नसतं तर थेट रस्त्यावर गेले असते!

“एकदम सुतात आहे, सरळच्या सरळ,” दादा म्हणाले.

“नीट बघा, दादा.”

त्यांनी पुन्हा लोळवलं. मी पुन्हा तशीच गेले.

“मग रेघ वाकडी का येते?” पेंटर एकदम ओरडला. “सांगा ना! काठी सरळ, भिंत सरळ, मग वाकडं आहे काय?”

दादांनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा कानामागे ठेवली. भुशाकडे बघत म्हणाले, “लाकूड जुनं झालं की... हवी तर जरा जाड करून देतो दुसरी.”

म्हणजे दादासुद्धा!

“हो, जाड करा,” पेंटर घाईनं म्हणाला. “जाडच हवी.”

तेव्हा त्याच्या बायकोनं ठिपकीच्या हातातून मला घेतलं. तिचे हात गार पडले होते, पण थरथरत नव्हते.

“नवी काठी करू नका, दादा,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “अहो, काठीला काही झालेलं नाही. तुम्ही दारू पिता. सकाळी डोळे उघडल्यापासून पिता, आणि त्या दारूनं तुम्ही आजारी पडलाय.”