वृंदाचा पाचवा पाव

पाव काही फुगत नव्हता आणि शनिवार मात्र धावत येत होता.

हे दुखणं वृंदाने स्वतःच ओढवून घेतलं होतं. अंबरनाथ पश्चिमेला, कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या महिला मंडळात मालिनीताई बोलून गेल्या की घरी पाव करणं हे काही आपल्यासारख्यांचं काम नव्हे. मालिनीताई मंडळाच्या चिटणीस, त्यांचं म्हणणं कोणी खोडत नसे. वृंदाने उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाली, मी दाखवते करून. लगेच तारीख ठरली, मंडळाच्या फळ्यावर खडूने तिचं नाव लागलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण एवढ्या वर्षांत तिचं नाव कुठे लागायची ही पहिलीच वेळ. एरवी ती फोरमन श्यामकांतची मिसेस आणि विष्णुपंतांची सून. ते नाव फळ्यावर पाहून तिला इतकं बरं वाटलं होतं की ती उगाचच दोनदा तिकडून गेली.

कृती मासिकातून उतरवून घेतलेली, तोंडपाठ झालेली. कोमट पाण्यात साखर विरघळवून त्यावर यीस्टचे दाणे भुरभुरायचे, दहा मिनिटांत फेस आला की मैद्यात ओतायचं. पीठ भरपूर मळून झाकून ठेवायचं. दुप्पट झालं की पुन्हा थोडं मळून तेल लावलेल्या टिनमध्ये घालायचं, आणि टिनच्या काठाशी आलं की ओव्हनमध्ये. फेस यायचा. पीठ पहिल्यांदा फुगायचंसुद्धा. पण टिनमध्ये गेलं की काय बिनसायचं कोण जाणे. तासाभराने फडकं उचलावं तर मधोमध खड्डा. भाजून निघायची ती वीट. श्यामकांतने पहिला तुकडा चहात बुडवला, तर चहा गार झाला तरी तो भिजेना. उद्या डब्यात हे देऊ नकोस, एवढंच तो म्हणाला.

वृंदाने आधी यीस्टवर खापर फोडलं. उल्हासनगरला जाऊन सिंधी दुकानदाराला फैलावर घेतलं. त्याने तिच्यासमोर ग्लासभर कोमट पाण्यात साखर आणि चमचाभर दाणे टाकले आणि तिला तिथेच थांबवून फेस दाखवला. “भाभी, माल तो ताजा है,” तो म्हणाला, “गडबड आपके घर में है.” वृंदा पाय आपटत परतली. मग टिन खोल आहे म्हणून पत्र्याचं काम करणाऱ्याकडून उथळ टिन करून आणला. मग गोल ओव्हनची वायर बदलली. दुसऱ्या कोणी एवढ्या सबबी सांगितल्या असत्या तर नाचता येईना अंगण वाकडं म्हणून ती हसली असती. आता हसू येत नव्हतं, रडू येत होतं. त्यात सासूबाई, म्हणजे माई, मायेने म्हणायच्या की नसेल जमत तर सोडून दे गं.

माईंना तशीही पावात गोडी नव्हती. गेल्या महिन्यात विष्णुपंतांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. हॉस्पिटलातून आणल्यापासून ते आतल्या खोलीत पडून असायचे, आणि माईंचा जीव त्या खोलीच्या उंबऱ्यावर टांगलेला.

शुक्रवारी चौथ्यांदा टिन भरला तेव्हा वृंदा तांदूळ निवडायचं ताट घेऊन दाराआड बसली. आज काय होतं ते डोळ्यांनी बघायचंच. अर्ध्या तासाने माई आल्या. त्यांनी फडकं उचललं, पिठात चार बोटं पेरापर्यंत रुतवली आणि फडकं पुन्हा नीट झाकलं.

वृंदाच्या हातातलं ताट आपटलं. तांदूळ घरभर झाले.

“माई, तुम्ही? चारही वेळा तुम्हीच?”

माई चपापल्या, पण हटल्या नाहीत. मळलेला गोळा असा गुळगुळीत झाकून ठेवला की श्राद्धाच्या पिंडासारखा दिसतो, त्याला बोटं लावून ठेवायची, हे तुला मी का सांगायचं, असं त्यांनी उलट विचारलं. खरंच होतं. वृंदा रोज कणकेच्या गोळ्याला न चुकता बोटं लावायची, अगदी विचारसुद्धा न करता.

“आणि तुझा हा मेला भरून येतो,” माई म्हणाल्या. “बोटं लावावी, तर घटकाभरात पुन्हा गुळगुळीत. म्हणून पुन्हा लावते.”

“अहो, त्याला फुगायचंच असतं. तो पाव आहे.”

“तुझा पाव गं. पण आत माझा माणूस निजलाय.”

तरीही वृंदा भांडली. कधी नव्हे ती मोठ्याने भांडली. यीस्ट, टिन, दुकानदारासमोर झालेली शोभा, सगळं बाहेर काढलं. शेवटी माईंनी शब्द दिला की उद्या त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाहीत.

शनिवारी चारला मंडळात पोचायचं होतं. माई शब्दाला जागल्या. बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराकडे पाठ करून जपमाळ घेऊन बसल्या. पावणेतीनला वृंदाने फडकं उचललं. पीठ टिनच्या काठावर आलं होतं. गोल, पांढरं, कुठे सुरकुती नाही. इतके दिवस तिला हवं होतं ते हेच, अगदी हेच. तिने ओव्हन लावला.

आत विष्णुपंत खोकले. दोनदा खोकले आणि थांबले.

वृंदा तिसऱ्या खोकल्याची वाट बघत उभी राहिली. तो आला नाही. बाहेर माळेचा आवाजही थांबला होता. आत जाऊन बघावं तर पाय उचलेना, आणि नजर त्या पांढऱ्या गोळ्यावरून हलेना. हा मूर्खपणा आहे, तिने स्वतःला बजावलं. मैदा आहे, यीस्ट आहे. पण आता तिला तिथे पाव दिसतच नव्हता. तिने चार बोटं पिठात खोलवर रुतवली.

पीठ फुस्स करून खाली बसलं.

“काय गं,” आतून विष्णुपंतांनी हाक मारली, “आज चहा मिळायचाय का?”

माई धावत दाराशी आल्या. त्यांनी टिनकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाल्या, “मी नाही हो हात लावला.”

“मीच लावला,” वृंदा म्हणाली आणि तोच हात धुऊन तिने चहाचं आधण ठेवलं.