एकदम उगवणारी पात्रं

"तुझ्या मावशीचे डोळे एकदा दाखवून आण," सासूबाई म्हणाल्या होत्या. "शेजारी कप ठेवला तरी चाचपडते. परवा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, तर चौकटीलाच सॉरी म्हणाली."

सुनेने ते हसण्यावारी नेलं. सासूबाई आणि मावशी यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं? शिवाय मावशी दर रविवारी नाटक बघायची. नजर अधू झालेली बाई कशाला तिकिटं काढेल? "आई, ती पहिल्यापासूनच वेंधळी आहे हो," एवढं बोलून ती बाळाचा ताप मोजायला गेली. ताप नव्हताच. पण मोजलेला बरा.

नाटकाचं वेड तिला मावशीनेच लावलेलं. बाळ झालं आणि थिएटरची पायरी सुटली. मग सोमवारी मावशीच घरी यायची, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची आणि आदल्या दिवशीचं नाटक साग्रसंगीत सांगायची. ही भाजी चिरत ऐकायची, एक डोळा पाळण्याकडे.

भावाबहिणीच्या वाटणीचं नाटक मावशीने अगदी भावाच्या खाकरण्यासकट सांगितलं.

"पण चिमणे, हल्ली एक नवंच खूळ निघालंय. पात्रं विंगेतून येतच नाहीत. भाऊ बोलतोय, बोलतोय, आणि बघते तर बहीण त्याच्या नाकासमोर उभी."

"म्हणजे एंट्रीच नाही?"

"एंट्री नाही, एक्झिट नाही. माणसं आहेत की भुतं, देव जाणे."

पुढच्या कोर्टाच्या नाटकातही साक्षीदार असाच उगवला. शिवाय प्रकाशयोजनेवर मावशीचा शेरा, "कडा सगळ्या अंधारात. वीज वाचवत असतील मेले."

हिला ते भलतंच आवडलं. मैत्रिणींच्या ग्रुपवर हिने लांबलचक लिहिलं, की आजच्या रंगभूमीने विंग नाकारली आहे. माणसं एकमेकांच्या आयुष्यात अशीच न सांगता उगवतात. वाहवा झाली. नाटक त्यांच्यातही कुणी पाहिलेलं नव्हतं.

मग बंदरावरच्या हमालांचं संगीत नाटक आलं. "कोरस नुसता ऐकू येतो, दिसत नाही," मावशी म्हणाली. "मधोमध एकटा नायक. अंगावर काटा आला बघ. आता तुला घेऊन पुन्हा जाणार." सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "जा एकदाची. मी काही त्याला खात नाही."

पडदा वर गेला. रंगमंच या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी भरलेला. डावीकडे शिडीवर, उजवीकडे पोत्यांच्या थप्पीवर, लख्ख उजेडात हमाल गात होते, आणि दोन्ही विंगांतून आणखी येतच होते.

मावशीने तिला कोपरखळी मारली. "ऐकलास कोरस? कुठे दडवलाय कोण जाणे."

तिने हळूच हात मावशीच्या कानाशी नेला, बोटं हलवली. मावशी समोर बघून मान डोलवत होती. हात पार नाकाजवळ आला तेव्हा दचकून म्हणाली, "काय गं, डास?"

उरलेलं नाटक तिने पाहिलं नाही. मावशीचाच चेहरा बघत राहिली.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. कडेची नजर हळूहळू गेली, म्हणून कळलं नाही. गेली ती परत येणार नाही. उरली आहे ती औषधाचे थेंब घालून टिकवायची. थोडं आधी आणलं असतं तर, असं म्हणून ते थांबले.

"म्हणजे दिग्दर्शकांचं काही कर्तृत्व नाही म्हण," मावशी बाहेर येऊन म्हणाली. मग जिन्याचा कठडा चाचपत तिने विचारलं, "चिमणे, ती वाटणीच्या नाटकातली बहीण दारातून आली असेल का गं? आणि तिला बघून भावाचा चेहरा कसा झाला असेल?"

हिला काय माहीत? हिने पाहिलंच नव्हतं, आणि त्या नाटकाचे प्रयोग आता बंद झाले होते. बाळाच्या श्वासावर ती डोळ्यांत तेल घालून पहारा करायची. मावशी मात्र दर सोमवारी समोर बसून आपलं दुखणं सांगत होती आणि ही त्याला दाद देत होती.

तुमच्याही घरी असं नाटकवेडं कुणी असेल, एकटंच जाणारं, रंगवून सांगणारं. या आठवड्यात त्यांच्याकडे जा. शेजारी बसा, बाजूने हात न्या, बघा कधी कळतं ते. आणि "मला सगळं छान दिसतं" म्हणाले, तरीही डॉक्टरांकडे नेऊन आणा.