लोखंडी पेटीतलं हेलिकॉप्टर

मित्रांनो, आधी हसून घ्या. माझ्या पंख्याचं एक पातं टोकाला मोडलंय, शेपटीला शिवणाचा दोरा गुंडाळलाय आणि मी बसतो ती तबकडी गंजून गेली आहे. हसलात? झालं? आता ऐका. मी खेळण्यातलं हेलिकॉप्टर आहे, आणि पालमच्या एका पत्र्याच्या खोलीत मी सत्तावीस दिवस उडालो आहे. एवढं तुमच्यातल्या किती जणांना जमलंय?

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. डब्यावर छापलं होतं म्हणतात. पण ते वाचण्याआधीच डब्याचा पुठ्ठा चुलीला वारा घालायला गेला. मला आठवतं ते मस्कतचं दुकान. तिथून मला नागनाथानं उचललं. नागनाथ म्हणजे चांगुणाबाईंचा एकुलता एक मुलगा. तिकडं बांधकामावर लोखंड बांधायचा. एकोणनव्वद साली पहिल्यांदा सुट्टीवर निघाला, तेव्हा पाच वर्षांच्या लेकीसाठी, सत्यशीलेसाठी, त्यानं मला घेतलं.

मी काही मोकळा उडणारा नव्हे, उगाच फुशारकी नको. मध्ये जमिनीवर तबकडी. तिच्या पोटात मोटार आणि चार मोठे सेल. तबकडीतून निघालेली हातभर लवचिक तार, तिच्या टोकाला मी. वायरीनं जोडलेली एक डबी हातात धरायची. तिच्यावरचा खटका पुढं ढकलला की मी वर, मागं ओढला की खाली. उडायचं ते गोल गोल आणि घरातच, कारण बाहेरचं वारं मला सोसत नाही. पोटाखाली एक आकडा होता. हलकी वस्तू असली तर तीही उचलायचो.

पहिल्या दिवशी अख्खी गल्ली दारात उभी होती. चांगुणाबाई भिंतीकडेच्या लोखंडी पेटीवर पाय दुमडून बसल्या होत्या.

"माय, पाय वर घे. तुज्याकडंच येतंय बघ," नागनाथ म्हणाला.

"येऊ दे की! बाप्याचीच जात दिसतीया. नुसतं गोल गोल फिरतंय अन् काम कायबी न्हाई."

सगळे हसले. नागनाथाला तेवढंच पुरलं. त्यानं माझ्या आकड्याला खायचं पान लटकवलं, मला तसबिरींच्या खालून अलगद नेलं आणि पेटीपुढं उतरवलं.

"माय, टपाल आलं. घे."

"मुडद्या, येता येता पान वाळून गेलं तुजं!"

असं म्हणाल्या खऱ्या, पण पान घेतलं आणि पदर तोंडाला लावला. मी अगदी पायाशी होतो, मला हसू दिसलं.

मग रोज हेच. सत्यशीलेनं पहिल्यांदा खटका ढकलला तेव्हा मी सुसाट वर गेलो आणि उतरंडीवर आदळलो. पात्याचं टोक तुटलं. पोरगी रडायला लागली. नागनाथानं तिला मांडीवर घेतलं. "रडतीस कामून? खेळायलाच आणलंय. मोडलं तर मोडलं."

सत्ताविसाव्या दिवशी तो परभणीच्या एसटीत बसला. जाताना लेकीला म्हणाला, "रोज उडवत राह्य, हात बसू दे. मी यीन तवा आज्जीचं टपाल तू न्यायचं. मी नुसता बघणार."

आता पेटीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अठ्ठ्याहत्तर साली, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत, चांगुणाबाईंच्या गावी दलित वस्तीतली घरं पेटवली गेली. कुडाचं घर, बघता बघता राख. वाचली ती पेटी. तिच्यात नवऱ्याचा फोटो होता, एक लुगडं होतं आणि पंधरा वर्षांच्या नागनाथाचा शाळेचा दाखला. पुढं त्या दाखल्यावरच त्याचा पासपोर्ट निघाला. पेटीचा एक कोपरा अजून काळा आहे. चांगुणाबाई बाकीची पेटी घासून लख्ख करतात, तो कोपरा नाही. "ऱ्हाऊ द्या. दिसू द्या लोकाला," म्हणतात. तेव्हापासून त्या घरात जे जिवापाड असेल ते पेटीत जातं.

एसटी गेली आणि संध्याकाळी मीही गेलो. जुन्या लुगड्यात गुंडाळून, तबकडीसकट, सेलसकट.

"आज्जी, बापू म्हनले रोज उडव."

"बापाला काय कळतंय? त्येचा हात लागलाय त्येला. उंद्या मोडलंस तर त्यो आल्यावर काय दाखवू? येऊ दे त्याला, मग उडंल."

झाकण पडलं.

अंधारात दिसत नाही, पण ऐकू येतं. दर रविवारी पत्र्यावर बोटं वाजायची. "आज्जी, एक फेरी. एकच." उत्तर ठरलेलं. एकदा सत्यशीलेची आई, सरजाबाई, धीर करून म्हणाली, "आत्याबाई, द्या की एक डाव. लेकरू हाय."

"तू गप. घर जळालं तवा तू व्हतीस का?"

सरजाबाई चुलीकडं वळली. चांगुणाबाई वाईट बोलणाऱ्या नव्हेत हो. आगीतून एकच पेटी वाचलेली जिनं बघितली, तिनं दुसऱ्या कशावर भरवसा ठेवायचा?

नागनाथाची पुढची सुट्टी आखातातल्या लढाईनं खाल्ली. त्याच्या पुढची मुकादमानं. पत्रात तो दरवेळी विचारायचा, "हात बसला का?" सरजाबाई वाचून दाखवायची आणि त्या वाक्याशी तिचा आवाज बारीक व्हायचा. इकडं तबकडीच्या पोटात सेल पाझरू लागले होते. थेंब थेंब मोटारीवर उतरत होता. मला कळत होतं. पण मला तोंड कुठं होतं?

त्र्याण्णव साली तार आली. नागनाथ परांचीवरून पडला. माती तिकडंच झाली. त्या दिवशी सरजाबाईचा टाहो पेटीच्या आत ऐकू आला, पोरीचा आला. चांगुणाबाईंचा आला नाही. त्या पेटीवर बसून होत्या. त्यांचं सगळं ओझं माझ्या डोक्यावरच्या पत्र्यावर होतं, आणि तो पत्रा दिवसभर हलला नाही.

डिसेंबरात सोनपेठचा एक माणूस नागनाथाची पिशवी घेऊन आला. दोन सदरे, एक घड्याळ, आणि कागदात बांधलेले चार नवे कोरे मोठे सेल.

"ह्ये कशाला?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"पोरीच्या हेलिकॉप्टरला, म्हनत व्हता. औंदा नक्की जायचं म्हनून घेऊन ठिवले व्हते त्येनं."

पेटी उघडली. चार वर्षांनी उजेड आला. सत्यशीला नऊ वर्षांची झाली होती, मी ओळखलीच नाही. चांगुणाबाईंनी स्वतः तबकडीचं झाकण उघडायला घेतलं. निघेना, म्हणून विळ्याचं टोक घातलं. आत जुने सेल फुगून बसले होते, भोवती हिरवी पांढरी बुरशी. पुसलं, खरवडलं, नवे सेल घातले. पोरीनं खटका ढकलला. पुन्हा ढकलला. मी जीव एकवटला, मित्रांनो. पातं केसभरही हललं नाही.

स्टँडाजवळ भुजंगचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मला उलटंपालटं केलं आणि खाली ठेवलं. "मावशी, मोटार खाल्ली की ह्या सेलांच्या पान्यानं. आता इलाज न्हाई."

"कामून झालं आसं?"

"सेल काढून ठिवायचे व्हते. बस, येवढंच."

"येवढंच?" चांगुणाबाई म्हणाल्या. मला पदरात गुंडाळलं आणि दुकानाची पायरी उतरल्या.

घरी येऊन सत्यशीला एकच वाक्य बोलली. "तू उडवू दिलं असतंस तर ह्ये ऱ्हायलं असतं." त्यानंतर ती आजीशी बोलेना. दिवस गेले, आठवडे गेले. आजी तिच्या ताटात भाकरी टाकायची, ती खाली मान घालून खायची. घरात इतकी शांतता की पेटीतच बरं होतं असं मला वाटलं.

संक्रांतीचा दिवस आला. बातम्या ऐकायला शेजारी जमले तर रेडिओतले सेल संपलेले. चांगुणाबाई उठल्या, नागनाथाचे चार सेल आणले आणि सरजाबाईच्या हातात ठेवले. "घाल रेडूत. ठिवायचं न्हाई आता कायबी."

त्याच सेलांवर विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याची बातमी त्या खोलीत आली. सोळा वर्षं वाट बघितलेली बातमी. गल्लीत गुलाल उडाला, बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाहेरून हाका आल्या, "चांगुणाबाई, भाईर या की!"

"व्हा पुढं. आले."

पण त्या दाराकडं गेल्याच नाहीत. सत्यशीला कोपऱ्यात माझी डबी हातात घेऊन बसली होती. चांगुणाबाईंनी तबकडी खोलीच्या मधोमध ठेवली. मला तळहातावर घेतलं. कंबरेत वाकलेली बाई, तिचा हात बरोबर माझ्या उडण्याच्या उंचीवर आला. आणि मग, कुणापुढं मान न झुकवलेली ती म्हातारी तबकडीभोवती गोल चालू लागली. तोंडानं आवाज करत. "भर्रर्र... भर्रर्र..."

पोरगी बघतच राहिली. एक फेरी झाली. दुसरी झाली. मग तिनं हळूच खटका पुढं ढकलला.

चांगुणाबाईंचा हात वर गेला.

खटका मागं. हात खाली. गुडघे कटकट वाजले, दम लागला, पण त्या थांबल्या नाहीत. तिसऱ्या फेरीला सत्यशीला उठली, आजीच्या चंचीतलं एक पान काढलं आणि माझ्या आकड्याला अडकवलं. चांगुणाबाई धापा टाकत पेटीवर टेकल्या. मी त्यांच्याच हातावर, त्यांच्याच मांडीत उतरलो.

"आज्जी," पोरगी म्हणाली, "टपाल आलं. घे."

चांगुणाबाईंनी पान घेतलं. खाल्लं नाही. मुठीत धरलं, आणि तार आल्यापासून जे आत कोंडलं होतं ते सगळं बाहेर पडलं. गुलालानं माखलेली सरजाबाई दारात येऊन तशीच उभी राहिली.

मित्रांनो, खेळणं बाजूला ठेवताना त्यातले सेल काढून ठेवत जा. ही एक गोष्ट. आणि खेळायला आणलेलं खेळत जा. मोडलेलं पातं घेऊन मी उडालो होतो. जपून ठेवलेला मी मेलो.

आता मी पेटीत नसतो, पेटीवर असतो, त्या काळ्या कोपऱ्याशी. दर रविवारी आजीच्या तळहातावर माझी एक फेरी होते. पालमला आलात तर या, खटका तुमच्याही हाती देऊ. फक्त हळू ढकला. आजीला वर चढायला वेळ लागतो.