हाताशी अर्धा किलो

शिवलीला बिराजदारने वीस किलोचं लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचललं आणि काट्यावर ठेवलं. लाल आकडे थरथरले आणि वीसवर थांबले. तिने वजन उतरवलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा वीस. तिसऱ्यांदा ती वाकली तेव्हा रांगेतल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. जिल्ह्यात कबड्डीची निवड चाचणी कुठेही असो, मॅडम आधी काट्याची परीक्षा घेतात आणि मग मुलींची, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

"मॅडम, काटा पास झाला का?" पुढच्या एकीने विचारलंच.

"झाला. आता तू ये."

किशोरी गट. वय सोळाच्या आत, वजन पंचावन्न किलोच्या आत. शाळेच्या सभागृहात एका कडेला हा काटा मांडला होता, आणि दुसऱ्या कडेला शिपाई खुर्च्यांच्या ओळी लावत होता. बारा वाजता संघटनेची वार्षिक सभा होती. संघटना म्हटलं की खुर्ची आली आणि खुर्ची म्हटलं की रुसवेफुगवे आले. पण यंदा ते काही झालं नव्हतं. बावीस वर्षं सचिव असलेले यज्ञेश्वर सर पायउतार होणार होते आणि त्यांच्या जागी शिवलीलाचं नाव सर्वांनी बिनबोभाट मान्य केलं होतं. जिल्ह्याच्या इतिहासात पहिली बाई. परवा पेपरात फोटोही आला होता.

वजन घेण्याच्या कामाची तिला भीती वाटायची, आणि तरी दर वर्षी ते काम ती मागून घ्यायची. मुलगी काट्यावर चढली आणि चोपन्नचा आकडा लागला की ती नजर वहीत खुपसायची. मुलगी उतरेपर्यंत ती मान वर करत नसे. आताही तिने आकडा लिहिला, पुढचीला बोलावलं, आकडा लिहिला.

"पंचावन्न दोनशे," ती म्हणाली. "नाही बसत."

नातेपुत्याच्या संघाचे सिद्धेश्वर सर लगेच पुढे आले.

"मॅडम, दोनशे ग्रॅम हाय फक्त. अर्धा तास द्या की. दोन स्वेटर चढवतो, मैदानाला वीस चकरा मारून आणतो."

"कुणी पळायचं नाही. नियम माहीत आहे तुम्हाला."

"नियम माहीत हाय. तुमच्या वक्ताला तुमी पळवत नव्हता व्हय?"

ती मुलगी ओढणीने डोळे पुसत होती. शिवलीलाने नोंदवहीत तिच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. हा नियम तिनेच आणला होता. चाचणीच्या दिवशी वजन उतरवण्यासाठी कोणीही धावायचं नाही, धावताना दिसली तर अख्खा संघ बाद. सुरुवातीला प्रशिक्षकांनी बोटं मोडली, मग राज्य संघटनेने तोच नियम उचलला आणि तिचं नाव झालं. आज सभेत यज्ञेश्वर सर ह्याच नियमाबद्दल चार शब्द बोलणार होते. त्या भाषणाच्या वेळी कुठे बघायचं, हे तिने दोन दिवस आधीच ठरवून ठेवलं होतं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे.

रांग संपत आली. शेवटी कोणाची तरी सावली काट्यापाशी येऊन थांबली.

"या. मुलगी कुठे आहे?" मान वर न करता तिने विचारलं.

"न्हाय वो बाई."

तिला बाई म्हणणारं माणूस सोलापुरात उरलं नव्हतं. इथे ती मॅडम. वैरागच्या शाळेत मात्र ती बाई होती. तिने वर बघितलं आणि ओळखलं. केस पांढरे झाले होते, गालफडं बसली होती, पण ओळखायला वेळ लागला नाही. संस्कृतीची आई. वच्छलाबाई.

"पेपरात फोटो बघितला तुमचा. तवा कळलं, तुमी हितंच हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी बी हितंच असते आता. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत. टॉवेलच्या कारखान्यात. आज सुट्टी हाय."

शिवलीलाने खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या नाहीत.

नऊ वर्षांपूर्वीचा मे महिना. वैरागहून पहाटेच्या एस.टी.ने शिवलीला चार मुली घेऊन आली होती. त्या काळी सगळे प्रशिक्षक करायचे तेच तिने केलं. चाचणीच्या आधी मुलींना मार्केट यार्डात नेलं आणि कांद्याच्या एका अडत्याच्या काट्यावर उभं केलं. संस्कृतीचं वजन भरलं चोपन्न किलो सहाशे. म्हणजे बसत होतं. पण संघटनेचा काटा जास्त दाखवतो, अशी तेव्हा सगळीकडे बोलवा होती. म्हणून प्रशिक्षकांची एक रीत पडून गेली होती. काट्याचा भरवसा नाही, हाताशी अर्धा किलो ठेवावा, म्हणजे मर्यादेहून तेवढं कमी भरावं. तिने संस्कृतीला दोन स्वेटर घातले, वर रेनकोट घातला, आणि मैदानावर सोडलं. पाणी द्यायचं नाही, नुसती चूळ भरायची. ती पोरही अशी, थांब म्हटल्याशिवाय थांबणारी नव्हती. साडेदहाला ती पडली. संध्याकाळी गेली.

संघटनेच्या काट्यावर ती चढलीच नाही. चोपन्न सहाशे हा आकडा शिवलीलाने एकटीने वाचला होता, मुलींना सांगितला नव्हता. तिने तो त्याच रात्री यज्ञेश्वर सरांना सांगितला होता.

"हाताशी अर्धा किलो म्हणजे काय, हे पोलिसांना कळणार आहे का?" सर म्हणाले होते. "झाकली मूठ सव्वा लाखाची. वजन जास्त भरलं असं लिहू. त्यात कोणाचं काय जातं?"

तिने सही केली होती. त्यात कोणाचं काय जातं, हे तिलाही तेव्हा सुचलं नव्हतं. पुढे पोरीचा चेहरा हळूहळू पुसट झाला, पण आकडा राहिला. दुकानाच्या पावतीवर, गाडीच्या पाटीवर, कुठेही तो आकडा दिसला की दिवस नासायचा. थंडीत स्वेटर घालून पळणारं कोणी समोरून आलं तर ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

"बाई, येक इचारायचं हुतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "लई दिस झालं, इचारीन इचारीन म्हनत राहिले."

"विचारा."

"पोलिसांनी कागद वाचून दाखिवला हुता. 'वजन जास्त भरल्याने खेळाडू स्वतःहून धावत होती.'" ही ओळ त्यांनी शाळेतल्या कवितेसारखी एका दमात म्हटली. "किती जास्त भरलं हुतं?"

शिवलीलाने नोंदवही मिटली.

"दोन दिस तिनं अन्नाला हात लावला नव्हता, वजन वजन करून. मला बघवंना. पहाटं शेंगाच्या पोळ्या केल्या. तूप लावून दोन घातल्या तिला. बाईंना सांगू नगं म्हनलं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मागनं वाण्याकडं जाऊन तशा दोन पोळ्यांचं वजन करून बघितलं. पावनेदोनशे ग्राम भरलं. आता तिचं वजन किलोभर जास्त असंल, तर पोळ्यांचा दोष न्हाय. तिला पळावंच लागलं असतं. पर शंभर-दीडशेच जास्त असंल, तर माज्या पोळ्यांनीच..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. एका आईने नऊ वर्षं दोन पोळ्या उरावर घेऊन काढली होती, आणि त्या तिच्या उरावर ठेवल्या होत्या शिवलीलाने, एका ओळीखाली सही करून.

दोन किलो. एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. दोन किलो जास्त भरलं होतं, वच्छलाबाई, तुमच्या पोळ्यांनी काही झालं नाही. त्या सुटल्या असत्या. शिवलीलाही सुटली असती. बारा वाजता सभा झाली असती, हार घातला गेला असता. खोटं बोलून इतकं पुण्य पदरात पडायची वेळ माणसावर क्वचितच येते. तिने ओठ ओले केले.

"चोपन्न सहाशे," ती पुटपुटली.

वच्छलाबाईंनी कानामागे हात धरला.

"ऐकू आलं न्हाय बाई. मागाच्या खडखडाटानं कान गेलं माजं. जरा मोठ्यानं सांगा."

कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. सिद्धेश्वर सर आपल्या मुलीची समजूत घालत होते. खुर्च्या भरू लागल्या होत्या. यज्ञेश्वर सर हातात कागद घेऊन तिच्याकडेच येत होते.

"शिवलीला, चल. अध्यक्ष आलेत," ते म्हणाले, आणि मग त्यांनी वच्छलाबाईंना बघितलं. त्यांची पावलं मंदावली. "या ताई. काही काम होतं का? सभेनंतर बोलू या ना निवांत."

शिवलीला उठून उभी राहिली. इतकी वर्षं मैदानावर मुलींना हाका मारून तिचा आवाज कमावलेला होता. तो तिने लावला.

"चोपन्न किलो सहाशे भरलं होतं. मी स्वतः बघितलं. वजन जास्त नव्हतंच."

खुर्च्यांवरची माणसं वळून बघू लागली. यज्ञेश्वर सरांनी हातातल्या कागदाची घडी घातली, मग आणखी एक घातली.

"मंजे पंचावनच्या आत?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"आत. तुमच्या पोळ्या पोटात असताना. पळायचं काही कारण नव्हतं. मी पळवलं तिला. कागदावर लिहिलं ते खोटं आहे, आणि त्यावर सही माझी आहे."

तिला हलकं वाटलं. ह्या वेळी हलकं वाटण्याची तिला लाज वाटली, पण वाटलं. ती वाट बघत राहिली. शिव्या येतील, हात उठेल, काहीही आलं तरी घ्यायचं असं तिने ठरवलं होतं.

वच्छलाबाईंनी हात उगारला नाही. त्यांचे ओठ हलत होते, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. हिशेब जुळेपर्यंत त्यांना थोडा वेळ लागला.

"मंजे चारशे ग्राम बाकी हुतं," त्या म्हणाल्या.

"हो."

आता मात्र त्या खुर्चीवर बसल्या. समोरच्या काट्यावर कोणी नव्हतं, आणि त्या तिकडेच बघत होत्या.

"तिनं तिसरी मागितली हुती," त्या म्हणाल्या. "म्या दिली न्हाय. वजन भरंल म्हनलं."