चार पीळ कमी

ऐका रे मित्रांनो, फक्त ऐका. मधे कुणी काही बोलू नका, नाहीतर माझं सगळं विसरायला होतं.

मी एक जुनं कव्हर आहे. जुनं म्हणजे काय, चौथं वर्ष लागलंय फक्त, पण अमेरिकेतल्या बर्फाळ नॉर्थ डकोटाचे तीन हिवाळे काढलेत म्हटल्यावर जुनंच की! पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यावर ताणून बसवतात ना, काळं, मऊ, गुंडाळता येणारं, तेच मी. गुंडाळलं की ड्रायव्हरच्या पाठीशी वळकटी होऊन बसतो, उलगडलं की मागच्या फाळक्यापर्यंत सपाट. जन्माची गोष्ट थोडक्यात सांगतो. भल्यामोठ्या काळ्या ताग्यातून मला कापलं, कडांना वेल्क्रो शिवला, पोटाखाली आडव्या कांबी घातल्या, खोक्यात कोंबलं. त्यानंतर सहा महिने अंधार. संपला माझा जन्म.

खरी गोष्ट सुरू होते दुकानात. एप्रिल महिना, बाहेर अजून बर्फाचे ढीग. लेलंड टॉर्गरसन आणि त्याची बायको आर्डिस आत आले. दोघं सत्तरीपुढची. शेती भाड्यानं दिलेली, घर शेतातच. आर्डिसचे हात थरथरायचे. कंपवात. कपातली कॉफी तिच्याआधी बशीलाच मिळायची.

"ॲल्युमिनियमचं दाखवा," लेलंड म्हणाला. "गारा पडल्या तरी पोचा येता कामा नये."

दुकानातली रेने म्हणाली, "कशासाठी हवंय पण? हत्यारं ठेवायला?"

"गोधडी न्यायला," आर्डिस म्हणाली.

रेने हसली नाही हं. तिकडे गोधडीला कुणी हसत नाही. शाळा संपवणाऱ्या प्रत्येक पोराला चर्चमधल्या बायका एक गोधडी शिवून देतात. आर्डिसनं एकतीस वर्षं शिवल्या. दर वर्षी लेलंड त्या निळ्या ताडपत्रीखाली न्यायचा, ताडपत्री फडफडायची, आणि एखादी तरी भिजायचीच. या मे महिन्यात नंबर होता त्यांच्या नातीचा, किर्स्तीचा. ती राहायची चाळीस मैलांवर. आणि डॉक्टरनं आर्डिसला सांगितलेलं, सुई धरणं आता या वर्षापुरतंच. म्हणजे ही शेवटची गोधडी. कळलं ना, कशाला आलेली ती दोघं?

लेलंडनं ॲल्युमिनियमच्या फळ्यांचं कव्हर आर्डिसला उघडायला सांगितलं. तिनं दोन्ही हात लावले. तसूभर हललं नाही. दुसरं घडीचं होतं, ते जेमतेम उचललं आणि धाडकन खाली आलं.

"राहू दे, मी आहे ना उघडायला," लेलंड म्हणाला.

"तू सगळ्यालाच असतोस रे," ती म्हणाली. "कॉफी ओतायला तू, बटणं लावायला तू. एखादं झाकण तरी मला उघडू दे."

मग ती माझ्याकडे आली. नमुना म्हणून मांडलेल्या हौद्यावर मी ताणलेला होतो. फाळक्याखालचा पट्टा तिनं ओढला, खट! खटका सुटला. तिनं मला गुंडाळायला सुरुवात केली. हात थरथरत होते, पण मीही काही लोखंड नाही, तिच्या थरथरीसकट गुंडाळला गेलो. पार वरपर्यंत. मग परत उलगडलं, खटका लावला. खट!

"हे मला जमतंय, लेलंड," ती म्हणाली, अगदी हळू.

लेलंडनं टोपी काढली, पुन्हा घातली. "चाकूनं कुणीही फाडेल हे," तो पुटपुटला.

"आपल्याकडे चोरायला येणार कोण? घर सापडायलाच पाहुण्यांना दोन फोन करावे लागतात."

झालं, मला घेतलं! मित्रांनो, कुणीतरी मला फक्त एवढ्यासाठी निवडलं की त्यांच्या हाताला मी जमतो. ॲल्युमिनियमवाल्यांचे चेहरे बघायला हवे होते.

आता बसवण्याची भानगड. मापात लेलंडनं चूक केली नाही. फाळका लावून आतून, कठड्यापासून फाळक्यापर्यंत, साडेसहा फूट. दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या ठेवल्या, शिकंजे आवळले, मला पुढच्या कठड्याशी बसवलं आणि उलगडलं. पण फाळक्याला पोहोचायला दोन बोटं कमी! थंडीत मी आक्रसतो ना. खोक्यातल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं, आधी उन्हात तासभर पसरा, मग बसवा.

"ऊन पडेपर्यंत थांबू या की," आर्डिस म्हणाली.

"एप्रिलमध्ये? उन्हाला निमंत्रण पाठवू का?"

माझ्या पुढच्या टोकाला ताण कमीजास्त करायचे दोन स्क्रू आहेत. लेलंडनं ते पार ढिले सोडले. मी मागे सरकलो, पोहोचलो, खटका लागला. तो खूश. ते स्क्रू फिरवायची वाकडी किल्ली मात्र त्याच्या खिशातून अंगणातल्या बर्फात पडली. दोरीला लोहचुंबक बांधून दोन दिवस शोधली. खिळे सापडले, एक चमचा सापडला, किल्ली नाही.

मे महिना आला आणि मी उन्हानं सैलावलो. असा सैलावलो की पोटाला झोळ आला, आणि पुढच्या कोपऱ्यात बोटभर फट. बाहेरून दिसतही नव्हती. मला मात्र आतून वारा लागायचा. चार पीळ, बस्स! दोन्ही स्क्रूंना चार चार पीळ दिले असते तर मी ढोलासारखा ताठ.

किर्स्तीला चर्चमध्ये गोधडी द्यायची होती, त्या रविवारच्या आधीचा शुक्रवार. शेजारी वर्लिन आलेला. शेजारी म्हणजे तीन मैलांवरचा. कॉफी झाली, "बरं, निघतो" म्हणून झालं, आणि दोघं पिकअपला कोपर टेकून उभे राहिले. तिकडे निघतो म्हटल्यावर माणूस तासभर निघत नाही. पाऊस, गहू, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं अंगणातच. वर्लिनच्या गाडीलाही माझ्यासारखंच कव्हर होतं. त्यानं बोलता बोलता माझ्यावर तळहात दाबला.

"लेलंड, हे म्हाताऱ्या गादीसारखं खचलंय की. किल्ली आहे माझ्या गाडीत. पिळून देऊ?"

"छे, छे. तुला कशाला त्रास."

"त्रास कसला? पाच मिनिटं."

"नको रे. चाललंय की बरं."

आता ऐका हं, गोष्ट इथेच आहे. त्यांच्याकडे रीत अशी की कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं. पहिल्यांदा हो म्हणणारा हावरट. दुसऱ्यांदा म्हणणारा जरासा उतावळा. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, "बरं, तू एवढं म्हणतोसच तर." केकचा तुकडाही तसाच घेतात, ट्रॅक्टरही तसाच. लेलंडची दोन नको झालेली. तो माझ्या स्क्रूकडे बघत होता, बाही मागे सारत होता. वर्लिननं तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलंच होतं, आईशप्पथ, मी बघत होतो!

तेवढ्यात वर्लिनचा फोन वाजला. त्याची बायको ओरडत होती, गाय अडलीय, वासराचे पाय उलटे आलेत. वर्लिन तसाच पळाला.

लेलंड धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत उभा राहिला. फोन केला असता तर वर्लिन दुसऱ्या दिवशी सकाळीच आला असता. पण मागायला जायचं? आपणहून? टॉर्गरसनांच्या सात पिढ्यांत कुणी मागायला गेलं नव्हतं. मी बोलू शकत असतो तर बोंबललो असतो.

रविवारी सकाळी आर्डिसनं गोधडी खोक्यात ठेवली. पांढऱ्या कापडावर लाल तारे. काही टाके वाकडे होते, ते तिनंच लेलंडला बोटानं दाखवले. त्याला एकही दिसला नाही म्हणाला. पुढच्या सीटवर तिच्या मांडीवर केकची दोन ताटं असणार होती, म्हणून लेलंड म्हणाला, "गोधडी तुझ्या पायाशी ठेवतो."

"मग कव्हर कशाला घेतलंय?" ती म्हणाली. "लांब हो."

खोकं तिनं स्वतः हौद्यात सरकवलं, पार पुढं, कठड्याला टेकवून. मला उलगडलं. खटका लावायला तीनदा हात घसरला, चौथ्यांदा, खट! तिनं माझ्या पाठीवर थोपटलं. मित्रांनो, मला तोपर्यंत कुणी थोपटलेलं नव्हतं.

वीस मैलांवर पाऊस आला. झोळात पाणी साचलं, बादलीभर, दोन बादल्या. मी धरून ठेवलं. खरंच धरून ठेवलं. पण चौकात लेलंडनं ब्रेक दाबला, सगळं पाणी पुढं धावलं आणि त्या बोटभर फटीतून सरळ खाली. तिथेच खोकं. पुढच्या चौकात पुन्हा.

चर्चच्या आवारात किर्स्ती छत्री घेऊन धावत आली. आर्डिसनं मला उघडलं, खोक्याचा ओला पुठ्ठा तिच्या हातातच फाटला. ताऱ्यांचा लाल रंग सुटलेला. सगळं पांढरं कापड गुलाबी, डाग डाग.

मग किर्स्तीनं ती ओली गोधडी तशीच खांद्यावर घेतली. "आजी, गुलाबी मला आवडतो."

"खोटारडी," आर्डिस म्हणाली. हसलीही. मग तिनं हात वर धरून त्यांच्याकडे बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचे असावेत. "माझ्याकडून खटका नीट लागला नाही. मीच म्हणाले होते, लांब हो."

नाही, आर्डिस! खटका पक्का लागलेला! माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक होतं?

लेलंडला ठाऊक होतं. त्यानं फटीत बोट घालून बघितलेलं. तो म्हणाला, "तसं नाही गं. तुझी चूक नाही."

"माझीच रे."

"नाही," तो म्हणाला. ती मान हलवत राहिली. दोनदा सांगून झालं होतं. स्क्रूचं, किल्लीचं, वर्लिनचं त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. तेवढ्यात आतून गाणं सुरू झालं, लोक बाकांवर बसू लागले, आणि तो तिचा दंड धरून आत गेला. तिसऱ्यांदा सांगायचं राहिलं.

त्या दिवसानंतर आर्डिसनं सुई घेतली नाही. डॉक्टरनं दिलेलं वर्ष अजून अर्धं बाकी होतं. मलाही तिनं पुन्हा कधी उघडलं नाही. बाजारातून आले की ती गाडीशी उभी राहायची, हात कोटाच्या खिशात. "तू उघड," म्हणायची. लेलंड उघडायचा. नंतर त्यानं मला काढून कोठारात टाकलं, घडी घालून. मला गुंडाळतात रे, घडी घालत नाहीत. थंडीत घडीवर चिरा गेल्या. त्या अजून आहेत.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आर्डिस गेली. चर्चमध्ये किर्स्तीनं ती गुलाबी गोधडी शवपेटीवर पसरली. हे मी पाहिलं नाही, लेलंड वर्लिनला सांगत होता तेव्हा ऐकलं. वर्लिन आठवड्यानं आलेला, बायकोनं दिलेलं जेवण घेऊन. दोघं कोठाराच्या दारात उभे होते.

"तिला वाटत राहिलं तिच्या हातानं झालं," लेलंड म्हणाला. "खरं काय ते मी सांगितलंच नाही. उद्या सांगू, उद्या सांगू."

वर्लिन गाडीकडे गेला आणि वाकडी किल्ली घेऊन आला.

"देऊ का पिळून?"

"दे," लेलंड म्हणाला. पहिल्याच वेळी.

त्यांनी मला दुपारच्या उन्हात पसरलं, बसवलं, चार चार पीळ दिले. त्या रात्री धो धो पाऊस झाला. माझ्याखाली एक थेंब गेला नाही. हौद्यात काहीच नव्हतं.

तर माझं काय म्हणणं आहे? मला उन्हात ताणा, घडी घालू नका, किल्ली जपून ठेवा, हे तर आहेच. पण रोज मला तो शुक्रवार आठवतो. वर्लिनची गाय अडलेली, लेलंडची बाही अर्धी मागे. तुम्ही वर्लिन असता तर पळता पळता तिसऱ्यांदा विचारलं असतं? आणि लेलंड असता, आवारात तिचा दंड धरून उभे, आत गाणं सुरू झालेलं, तर? खरं सांगा मित्रांनो, तुम्ही काय केलं असतं?